सदू शिंदे आणि मुदतीचा ताप

सदाशिव गणपतराव शिंदे, म्हणजे सदू शिंदे, हे नाव आज बहुतेकांना एका नात्यामुळे माहीत असते. शरद पवार यांचे ते सासरे, प्रतिभाताईंचे वडील. पण हे नाते जुळलेले त्यांनी पाहिले नाही. पवारांचे लग्न १९६७ सालचे. सदू शिंदे त्याच्या बारा वर्षे आधी, २२ जून १९५५ रोजी, मुंबईत वारले. वय होते अवघे ३१. भारताकडून सात कसोटी सामने खेळलेल्या या लेगस्पिनरचा जीव टायफॉईडने घेतला.

टायफॉईडने माणूस जाऊ शकतो, असे आज ओपीडीत सांगितले तर समोरची तरुण मुले डॉक्टरच जरा जास्त घाबरवतात अशा नजरेने पाहतात. त्यांचेही बरोबर आहे. घरोघरी कोणाला ना कोणाला कधीतरी टायफॉईड निघालेला असतो, दोन सलाईन लागतात, पाच दिवसांच्या गोळ्या होतात आणि माणूस कामाला लागतो. आजार इतका ओळखीचा झाला आहे की त्याची भीती उरलेली नाही. शेतावर जाणारा असो, पोलीस भरतीची तयारी करणारा असो, की तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळणारा. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो. मैदानावर कधी जाऊ? म्हणून सदू शिंदे यांची गोष्ट सांगावीशी वाटते. ते अंगाने कच्चे नव्हते, म्हातारे तर नव्हतेच.

शिंदे यांचा जन्म मुंबईचा, १८ ऑगस्ट १९२३ चा. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ते आले ते महाराष्ट्राकडून, १९४०-४१ च्या हंगामात, वयाच्या सतराव्या वर्षी. तो काळ महाराष्ट्राच्या क्रिकेटचा मोठा काळ होता. प्रा. दि. ब. देवधर कर्णधार होते आणि १९३९-४० व १९४०-४१ असे सलग दोन वर्षे रणजी करंडक महाराष्ट्राकडे आला होता. देवधर तेव्हा पन्नाशीला टेकलेले. अशा संघात सतरा वर्षांचा पोरगा लेगब्रेक आणि गुगली टाकायला उभा राहिला.

लेगस्पिन ही गोलंदाजीतली सर्वांत अवघड विद्या मानली जाते. चेंडू मनगटाने वळवायचा, उंची द्यायची, फलंदाजाला पुढे यायला लावायचे, आणि मार खायची तयारी ठेवायची. हे तंत्र हाती यायला वर्षे लागतात. ऑस्ट्रेलियाचा क्लॅरी ग्रिमेट पहिली कसोटी खेळला तेव्हा ३३ वर्षांचा होता, आणि त्यानंतर त्याने २१६ कसोटी बळी घेतले. शिंदे गेले ते वय लेगस्पिनरचे उतरते वय नव्हे, हे त्यावरून समजावे.

मार खायची तयारी कशी असावी लागते हे १९४३-४४ च्या हंगामात दिसले. मुंबईविरुद्धच्या रणजी सामन्यात विजय मर्चंट यांनी नाबाद ३५९ धावा केल्या. त्या डावात महाराष्ट्राकडून शिंदे यांनी १८६ धावांत ५ बळी घेतले, आणि त्यासाठी पंचाहत्तर षटकांच्या वर गोलंदाजी केली. म्हणजे साडेचारशेहून जास्त चेंडू. समोर मर्चंटसारखा फलंदाज, खेळपट्टी फलंदाजीची, आणि वय वीस. आजच्या टी-ट्वेंटी सामन्यात एका गोलंदाजाच्या वाट्याला चोवीस चेंडू येतात. आकडे ठेवून बघावेत. पुढे शिंदे बडोदा आणि मुंबई या संघांकडूनही खेळले.

१९४६ साली थोरले पतौडी नवाब इफ्तिखार अली खान यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. या दौऱ्यावर शिंदे होते. २२ जून १९४६ रोजी लॉर्ड्सवर पहिली कसोटी सुरू झाली आणि त्यांचे कसोटी पदार्पण झाले. त्याच सामन्यात इंग्लंडच्या ॲलेक बेडसरचेही पदार्पण होते. त्याने सामन्यात ११ बळी घेतले आणि भारत दहा गडी राखून हरला. शिंदे शेवटच्या क्रमांकावर फलंदाजीला आले. त्यांनी रुसी मोदींना साथ दिली आणि शेवटच्या जोडीने ४३ धावा जोडल्या, तेव्हा कुठे भारताचे दोनशे झाले. त्यांच्या नावावर धावा होत्या दहा. गोलंदाजीत मात्र काही विशेष घडले नाही आणि त्यानंतर पाच वर्षे त्यांना कसोटी मिळाली नाही.

त्यांचा दिवस आला तो नोव्हेंबर १९५१ मध्ये, दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर. समोर पुन्हा इंग्लंड. पहिल्या डावात इंग्लंडचा संघ २०३ धावांत आटोपला आणि त्यातले सहा बळी शिंदे यांचे होते, ९१ धावांत. भारताकडून मर्चंट यांनी १५४ आणि विजय हजारे यांनी नाबाद १६४ धावा केल्या. मर्चंट यांचा तो शेवटचा कसोटी डाव ठरला. क्षेत्ररक्षण करताना खांद्याला इजा झाली आणि ते परत कसोटी खेळले नाहीत. भारताने तोपर्यंत एकही कसोटी जिंकलेली नव्हती. पहिला विजय अगदी समोर दिसत होता. पण दुसऱ्या डावात इंग्लंडचा ॲलन वॉटकिन्स खेळपट्टीवर ठाण मांडून बसला, तो नऊ तासांच्या आसपास हललाच नाही. नाबाद १३७. आपल्या क्षेत्ररक्षकांकडून झेलही सुटले. शिंदे टाकत राहिले. दोन्ही डाव मिळून त्यांनी त्या एका सामन्यात शंभरहून अधिक षटके टाकली आणि आठ बळी घेतले. सामना अनिर्णित राहिला. पहिला कसोटी विजय त्याच मालिकेत, फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला मिळाला, आणि तेव्हा अकरा जणांत शिंदे नव्हते.

डॉक्टर म्हणून माझे लक्ष त्या शंभर षटकांकडे जाते. पाच दिवसांत सहाशेहून अधिक चेंडू टाकायचे, म्हणजे सहाशे वेळा धावत यायचे, खांदा फिरवायचा, पुढच्या पायावर सगळे वजन घ्यायचे. हृदय, फुप्फुसे, स्नायू सगळे उत्तम असल्याशिवाय हे होत नाही. साडेतीन वर्षांनी याच शरीरावर टायफॉईडने मात केली.

मधल्या काळात त्यांची कसोटी कारकीर्द थांबलेली होती. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यावर ते लीड्सला खेळले. दुसऱ्या डावात शून्यावर चार गडी बाद झालेली ती कुप्रसिद्ध कसोटी. त्यानंतरची लॉर्ड्सची कसोटी विनू मंकड यांनी गाजवली, आणि ती शिंदे यांची शेवटची ठरली. पहिली लॉर्ड्सवर, शेवटचीही लॉर्ड्सवर, दोन्ही जून महिन्यात. संघातली लेगस्पिनरची जागा एव्हाना सुभाष गुप्ते यांच्याकडे गेली होती आणि गुप्ते हे त्या काळातले जगातले अव्वल लेगस्पिनर होते, त्यामुळे त्याबद्दल तक्रार करण्यासारखे काही नव्हते. तरी एकतीस हे वय आशा सोडण्याचे नव्हे.

आणि १९५५ च्या जूनमध्ये, लॉर्ड्सवरच्या पदार्पणाला बरोबर नऊ वर्षे झाली त्याच तारखेला, सदू शिंदे गेले.

आपल्याकडचे जुने लोक टायफॉईडला मुदतीचा ताप म्हणत. पुस्तकी शब्द विषमज्वर, पण मुदतीचा ताप हे नाव मला अधिक शहाणपणाचे वाटते. हा ताप आपली मुदत घेतल्याशिवाय जात नाही, तीन आठवडे, कधी चार, हे लोकांनी अनुभवाने ओळखले होते. त्या मुदतीत शरीराच्या आत काय चालते हे समजून घेतले, तर धडधाकट खेळाडू का दगावतो हे कळते.

साल्मोनेला टायफी हा जंतू फक्त माणसात राहतो. आजारी माणसाच्या किंवा वाहकाच्या विष्ठेतून तो पाण्यात, बर्फात, कापलेल्या फळांत, न धुतलेल्या हातांवर येतो आणि तोंडावाटे पोटात जातो. पोटातले आम्ल त्यातले बरेच जंतू मारते. पित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना टायफॉईडचा धोका वाढतो तो याच कारणाने. जे जंतू वाचतात ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोहोचतात. तिथे आतड्याच्या अस्तरात पेयर पॅचेस नावाचे ठिपके असतात, रोगप्रतिकारक पेशींची ती चौकी. टायफॉईडचा जंतू या चौकीतच शिरतो, आणि ज्या पेशींनी त्याला मारायचे त्यांच्याच आत बसून यकृत, पांथरी आणि हाडांच्या मगजात जातो. एक-दोन आठवडे माणसाला काहीच जाणवत नाही. मग तिथून जंतू रक्तात उतरतात आणि ताप सुरू होतो.

पहिल्या आठवड्यात ताप जिना चढावा तसा चढतो, रोज संध्याकाळी कालच्यापेक्षा थोडा जास्त. डोके दुखते, जिभेवर पांढरा थर येतो, भूक जाते. दुसऱ्या आठवड्यात ताप वरच ठाण मांडतो, पोट फुगते, पांथरी हाताला लागते, रोगी गुंगीत बरळू लागतो. आतड्यातले ते ठिपके या काळात सुजतात आणि त्यांचा वरचा भाग मरतो. तिसऱ्या आठवड्यात हा मेलेला भाग गळून पडतो आणि खाली व्रण उरतो. व्रणाखाली रक्तवाहिनी असली तर आतड्यात रक्तस्राव होतो. व्रण खोल गेला तर आतड्याला भोक पडते आणि आतली घाण पोटात पसरते.

यातली फसवी गोष्ट अशी की रक्तस्राव झाला किंवा आतडे फुटले की बऱ्याचदा ताप एकदम उतरतो. हात लावून पाहणाऱ्या घरच्यांना वाटते, सुटलो. पण त्याच वेळी नाडी धावत असते, पोट कडक झालेले असते, अंगाला गार घाम सुटलेला असतो. जुने डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी तापाचा आणि नाडीचा आलेख लावत आणि या दोन रेषा एकमेकींना छेदतात का ते बघत. ताप खाली आणि नाडी वर, म्हणजे धोका. आणि हे भोक पडण्याचे प्रमाण तरुणांत, त्यातही पुरुषांत जास्त दिसते. खेळून कमावलेले स्नायू या जागी उपयोगी पडत नाहीत.

औषध नव्हते त्या काळी टायफॉईडच्या साधारण सात ते दहा रुग्णांमागे एक जात असे. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर राइट १९१२ साली टायफॉईडनेच गेला, ४५ व्या वर्षी. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. सातातले सहा जण औषधाशिवाय बरे होत. सेवाग्रामच्या आपल्या जिल्ह्यात गांधीजींच्या आत्मकथेतला प्रसंग बऱ्याच जणांना माहीत असतो. १९०२ च्या सुमारास मुंबईत दहा वर्षांच्या मणिलालला टायफॉईड झाला. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस सुचवला. गांधीजींनी तो नाकारून जलोपचार केले, ओल्या चादरीत मुलाला गुंडाळले आणि मुलगा बरा झाला. ते धैर्य मोठे होते यात शंका नाही. पण मुलगा ज्याने बरा झाला ती बहुधा त्याची स्वतःची ताकद होती. टायफॉईडवर आजवर जे शेकडो उपाय लागू पडले असे सांगितले गेले, त्यातल्या बहुतेकांचे श्रेय या सहा जणांकडे जाते.

शिंदे गेले तेव्हा मात्र औषध निघालेले होते. ते कसे निघाले हेही सांगण्याजोगे आहे. दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएलाच्या मातीतून मिळालेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९४७ साली क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक वेगळे केले गेले. वडीलधाऱ्यांना ते क्लोरोमायसेटिन या नावाने आठवेल. १९४८ मध्ये अमेरिकी डॉक्टरांचे एक पथक हे औषध घेऊन मलायात क्वालालंपूरला गेले, ते स्क्रब टायफस या वेगळ्याच तापावर वापरून पाहण्यासाठी. स्क्रब टायफस समजून ज्यांना औषध दिले, त्यांतल्या काही रुग्णांना प्रत्यक्षात टायफॉईड असल्याचे नंतर तपासात निघाले. आणि तेही बरे होत होते. तीन-चार दिवसांत ताप उतरत होता. तोवर टायफॉईडवर असे काही कोणी पाहिले नव्हते.

त्याबरोबर दोन गोष्टीही लवकरच कळल्या. ताप गेला म्हणून औषध लवकर थांबवले तर आजार उलटतो. आणि औषधाने जंतू मरत असले तरी आतड्यात आधीच पडलेला व्रण लगेच भरत नाही. त्यामुळे उशिरा सुरू केलेल्या उपचारात रक्तस्राव किंवा छिद्र होऊ शकते, अगदी ताप उतरल्यावरही. १९५५ साली शस्त्रक्रिया, रक्त, अतिदक्षता यांपैकी आज जे हाताशी असते त्यातले फार थोडे होते. आतडे फुटले तर त्या काळी वाचणे कठीण होते.

टायफॉईडच्या नेहमीच्या हिशेबाने पाहिले तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गुंतागुंत झालेल्या माणसाला जंतूचा संसर्ग बहुधा मे महिन्यात झालेला असतो. एक-दोन आठवडे सुप्तावस्थेचे, दोन-तीन तापाचे. आपण टायफॉईडला पावसाळ्याशी जोडतो. पण वैशाखाचे ऊनही तेवढेच जबाबदार असते. वर्ध्यात पारा ४५ च्या पुढे गेला की नळाला एक दिवसाआड पाणी येते, टँकर फिरतात, रसवंतीवर आणि गोळ्यावर कारखान्याचा बर्फ येतो. हा बर्फ कोणत्या पाण्याचा, हे कोणी विचारत नाही. सुट्टीतल्या स्पर्धा याच दिवसांत भरतात आणि तहानलेली मुले मिळेल ते पितात. फ्रीजमध्ये ठेवलेले पाणी थंड असते, शुद्ध असतेच असे नाही; गोठवल्याने हा जंतू मरत नाही.

शिंदे ज्या करंडकासाठी खेळले तो ज्यांच्या नावाचा, त्या रणजितसिंहांची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. डिसेंबर १८९७ मध्ये ते इंग्लंडच्या संघातून ऑस्ट्रेलियात होते. सिडनीच्या पहिल्या कसोटीच्या तोंडावर त्यांचा घसा सुजला आणि टॉन्सिलच्या मागे पू झाला. आम्ही याला क्विन्सी म्हणतो. घास गिळता येत नाही, तोंड पुरते उघडत नाही, ताप असतो. कसोटी हुकणार हे जवळजवळ नक्की होते. पण सिडनीत पाऊस झाला, मैदानात पाणी साचले आणि सामना तीन दिवस पुढे गेला. त्या तीन दिवसांत रणजी उभे राहण्याइतके बरे झाले. अशक्तपणामुळे ते सातव्या क्रमांकावर आले आणि १७५ धावा करून गेले. इंग्लंडने ती कसोटी जिंकली. पुढे १९०७ साली नवानगरचे जामसाहेब झाल्यावर काही महिन्यांतच त्यांना टायफॉईडने गाठले. औषध नव्हतेच. ते वाचले, पण सावरायला फार वेळ लागला आणि प्रकृतीसाठी त्यांना इंग्लंडला जावे लागले.

क्विन्सीतला पू बाहेर पडला की माणसाला तासाभरात बरे वाटू लागते. टायफॉईडचे तसे नाही. खेळाडूंना दोन्ही संसर्ग सारखेच वाटतात, ताप आला आणि ताप गेला. रणजीची १७५ धावांची गोष्ट कोणी टायफॉईडमध्ये गिरवायला जाऊ नये.

आता आजचे. क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणाऱ्या टायफॉईडची मोठी साथ आपल्या देशात १९७२ साली केरळात कालिकतला आली. त्यानंतर जुनी औषधे एकामागून एक निकामी होत गेली. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले आणि काही वर्षे ते रामबाण ठरले. आज भारतातले बहुतेक टायफॉईडचे जंतू त्यालाही जुमानत नाहीत. तरी गावोगाव ते अजून दिले जाते. खेळाडूंच्या बाबतीत त्याचा आणखी एक दोष आहे. या गटातल्या औषधांनी टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, दुखावते आणि क्वचित तुटतेही. धावणाऱ्या मुलाने ही गोळी मनाने घेऊ नये. आज आमचा भर सेफ्ट्रियाक्सोन आणि अझिथ्रोमायसिन यांच्यावर आहे, आणि पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ पासून सेफ्ट्रियाक्सोनलाही न जुमानणारा टायफॉईड पसरला आहे. आपल्या हातात औषधे मोजकी आहेत.

म्हणून निदान नेमके हवे. आपल्याकडे ताप म्हटले की विडाल तपासणी होते आणि कागदावर टायफॉईड निघतो. विडाल ही तपासणी १८९६ सालची आहे. पूर्वी कधी संसर्ग झाला असेल, लस घेतली असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. एकट्या विडालवर टायफॉईड ठरवणे मला पटत नाही, आणि हे मी माझ्याकडच्या प्रत्येक इंटर्नला ऐकवत आलो आहे. खरी तपासणी रक्ताच्या कल्चरची. ती प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी करावी लागते. निकालाला दोन ते पाच दिवस लागतात आणि खरा टायफॉईड असूनही जवळपास निम्म्या जणांत जंतू सापडत नाही. पण सापडला तर कोणते औषध लागू पडेल हे कळते.

क्वालालंपूरमध्ये जे झाले त्याच्या उलट आपल्या विदर्भात घडते. तिथे स्क्रब टायफस शोधताना टायफॉईड सापडला. इथे टायफॉईड म्हणून उपचार चाललेल्या रुग्णात स्क्रब टायफस निघतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याचे बरेच रुग्ण सापडले होते. गवतातल्या, झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने तो होतो, काखेत किंवा जांघेत सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसते, आणि त्याला डॉक्सीसायक्लिन लागते. सोयाबीनच्या शेतातून आलेल्या तापाच्या रुग्णाचे कपडे काढून अंग तपासले नाही तर ती खपली दिसत नाही.

टायफॉईड खरोखर असेल तर योग्य औषधावरही ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलू नये. ताप उतरल्यावरही औषध सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्यावे. शंभरातल्या पाच-दहा जणांना दोन-तीन आठवड्यांनी ताप उलटतो, तोही बहुधा माणूस कामाला लागल्यावरच. मी खेळणाऱ्या मुलांना ताप गेल्यापासून किमान दोन आठवडे पळणे, जोर-बैठका, जिम सगळे बंद ठेवायला सांगतो. कबड्डी आणि कुस्तीवाल्यांना त्याहून जास्त, पांथरी पूर्ववत झाल्याची खात्री होईपर्यंत. सुजलेल्या पांथरीवर गुडघा बसला तर ती फुटू शकते. हे दुर्मीळ आहे, पण फुटली तर वेळ मिळत नाही. उपाशी मात्र ठेवू नये. टायफॉईडमध्ये लंघन करवण्याची जुनी पद्धत होती. आज मऊ भात, वरण, खिचडी, दही, केळे, अंडे सगळे चालते. बरळणे, काळी किंवा लाल शौच, पोटात अचानक कळ, पोट कडक होणे, यातले काहीही दिसले तर रात्र असो की पहाट, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

भरतीच्या तारखेची अडचण मला समजते. वर्षभर पहाटे उठून धावलेल्या मुलाला दोन आठवडे थांब म्हणणे सोपे नसते. आई-वडीलही मध्येच त्याची बाजू घेतात. अशा वेळी मी त्यांना आतड्याच्या व्रणाचे चित्र कागदावर काढून दाखवतो. कधी पटते, कधी नाही.

शिंदे यांच्या काळी टी.ए.बी. नावाची लस होती. ती मुख्यतः सैनिकांना दिली जाई. दंड सुजायचा, अंग तापायचे. आजची कॉन्जुगेट लस एका टोचणीची आहे, मुलांवरच्या चाचण्यांत तिचे संरक्षण सुमारे ८० टक्के दिसले आहे, आणि ती भारतातच बनते. २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेमार्फत अशी मोहीम जगात पहिल्यांदा तिथे झाली. मोठ्यांनाही ती घेता येते. वसतिगृहात राहून मेसमध्ये जेवणाऱ्या, गावोगावी स्पर्धांना जाणाऱ्या खेळाडूंनी ती घ्यावी असे माझे मत आहे. प्रशिक्षक बुटांची यादी देतात, तिच्यात ही एक ओळ वाढवायला हरकत नाही.

नोव्हेंबर १९५५ मध्ये न्यूझीलंडचा संघ प्रथमच भारतात कसोटी खेळायला आला. पाच कसोटींत सुभाष गुप्ते यांनी ३४ बळी घेतले. सदू शिंदे यांच्या नावापुढे तोवर शेवटचे आकडे लिहून झाले होते: ७ कसोटी, १२ बळी, त्यातले ८ एकट्या दिल्लीचे, प्रथम दर्जाचे ७९ सामने, २३० बळी.